संगणक घेण्यापूर्वी

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी त्याला हात लावीनात. १९१० साली तो कारखाना औंध संस्थानातील माळावर, म्हणजे हल्लीच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीस आला, आणि पुढे लोखंडी नांगर शेतोशेती दिसू लागला. यंत्राविषयीची ती भीती आता ओसरली आहे. तिची जागा भपक्याने घेतली आहे. काचेच्या पेटीत लुकलुकणारे रंगीत दिवे पाहून गिऱ्हाईक पैसे मोजते, आणि त्या दिव्यांचा आपल्या जमाखर्चास उपयोग काय, हे विचारावयाचे राहून जाते. म्हणून टेबलावर ठेवावयाचा संगणक घेताना कोणत्या गोष्टी पाहाव्या, हे येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

पहिला प्रश्न कामाचा. सांगलीच्या हळद-बाजारातील पेढीचे हिशेब, साताऱ्याच्या महाविद्यालयातील मुलाचा अभ्यास आणि लग्नाच्या चित्रफिती जोडण्याचा धंदा, ही तीन कामे निराळी आहेत. पहिल्या दोहोंस साधा संगणक पुरतो; तिसऱ्यास वेगवान प्रोसेसर व वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. यंत्र रोज बरोबर न्यावयाचे असेल तर लॅपटॉप घ्यावा. एकाच जागी बसून काम असेल तर डेस्कटॉप बरा. कारण तितक्याच ताकदीस तो बहुधा स्वस्त पडतो, आणि कळफलक वा वीजपुरवठ्याचा डबा बिघडला तर तेवढाच भाग बदलता येतो.

आता आतील भागांकडे वळू. हरिपूरची हळदीची पेवे आपल्या परिचयाची आहेत. माल पेवात साठवितात आणि त्या दिवशी लागेल तेवढाच पेढीवर काढतात. संगणकात डिस्क हे पेव आणि रॅम ही पेढीवरील जागा समजावी. जागा अपुरी पडली की माल सारखा आतबाहेर करावा लागतो व काम रेंगाळते. हल्ली साध्या कामास ८ जीबी रॅम ही किमान समजावी. १६ जीबी असल्यास पुढील काही वर्षे चिंता नाही. डिस्क मात्र एसएसडीच घ्यावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून माहिती शोधावी लागते. एसएसडीत फिरणारा भागच नसतो, म्हणून यंत्र चटकन सुरू होते.

जुना संगणक स्वस्तात मिळत असेल तर थोडे थांबावे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक सर्व प्रोसेसर विंडोज ११ च्या मान्य यादीत नाहीत. तेव्हा प्रोसेसर कोणत्या पिढीचा, हे विचारल्यावाचून जुने यंत्र घेऊ नये. लिनक्स ही विनामूल्य प्रणाली अशा यंत्रावर पुष्कळदा चालते. परंतु आपला हिशेबाचा प्रोग्राम तीवर चालतो काय, हे आधी पाहावे.

यंत्राइतकेच लक्ष विजेकडे द्यावे. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. यूपीएस असला म्हणजे चालू काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यास काही मिनिटे मिळतात. खोलीतील अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि कडकडाट सुरू झाल्यास प्लग काढून ठेवावा.

आणि सांगलीकरांस पाण्याची आठवण करून द्यावयास नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची रेषा ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचीही मोठी हानी झाली. पेवात पाणी शिरल्यावर हळदीचे जे होते, तेच तळमजल्यावरील संगणकातील खतावण्यांचे होते. डबा जमिनीवर ठेवू नये हे खरेच. पण तेवढ्याने भागत नाही. सर्व हिशेबाची दुसरी प्रत दर आठवड्यास बाहेरच्या डिस्कवर उतरवावी आणि ती डिस्क दुसऱ्या ठिकाणी, उंचावर ठेवावी. साताऱ्यास मुलगी दिलेली असेल तर एक प्रत तिच्या घरी असावी. इंटरनेटवरून दूरच्या साठ्यात प्रत ठेवण्याचीही सोय आहे. या डिस्कचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा. पैसे कमी पडत असतील तर दिव्यांची पेटी सोडावी, डिस्क सोडू नये.

शेवटी पावतीविषयी. बिलाशिवाय दोन पैसे कमी करतो असे दुकानदार म्हणाला, तरी बिल घ्यावेच. नोंदणीकृत व्यापाऱ्यास धंद्यासाठी घेतलेल्या संगणकावरील जीएसटीची वजावट सहसा मिळते, आणि हमी मागावयास कागद लागतोच. सुटे भाग जोडून यंत्र घेतल्यास प्रत्येक भागाचे नाव, क्रमांक व हमीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. हमी घरी येऊन दुरुस्त करण्याची, की डबा उचलून पुण्यास नेण्याची, हेही आधीच विचारावे. वर्षाअखेरीस, हिशेब पुरे करण्याच्या दिवसांत यंत्र बंद पडले, तर या एका उत्तरावर आपली पेढी चालू राहावयाची की नाही, हे ठरते.