‘माझ्या मशिनवर तर चालतंय’: फिनॉमेनॉलॉजीला दुसरा माणूस का लागतो

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ बरेचसे गाळलेत. सगळे गाळले असते तर हे मी बोललोय यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

आजचा विषय फिनॉमेनॉलॉजी, आणि तोही विद्यार्थ्यांच्या बाजूने. तत्त्वज्ञानात पीएचडी करणारी मुलं स्वतःच भरवतात अशा परिषदा जगभर होतात. तीनचारशे शब्दांचा गोषवारा नाव काढून पाठवायचा, निवड झाली तर वीस मिनिटं निबंध वाचायचा, मग प्रश्न. कुठे कुठे दुसऱ्या एका विद्यार्थ्याला आधीच निबंध देऊन ठेवतात आणि तो उठून त्यावर टिप्पणी करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही खऱ्या परिषदेची रंगीत तालीम असणार. निदान फिनॉमेनॉलॉजीच्या बाबतीत हे उलटं आहे असं माझं मत आहे. हा विषय उभा राहिला तोच मुळी विद्यार्थ्यांच्या बैठकांमध्ये.

आधी विषय काय ते सांगतो. एडमंड हुसर्ल हा मुळात गणिताचा माणूस. १८८३ साली व्हिएन्नात गणितात डॉक्टरेट केली, मग तत्त्वज्ञानाकडे वळला. १९०० आणि १९०१ मध्ये त्याचं ‘लॉजिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हे पुस्तक दोन भागांत आलं. त्याचं म्हणणं साधारण असं: एखादी गोष्ट ‘खरोखर’ काय आहे याचे सिद्धांत मांडण्याआधी ती आपल्याला कशी दिसते, कशी जाणवते, हे नीट बघा आणि जसंच्या तसं सांगा.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. समोरच्या स्टीलच्या डब्याची मला एकच बाजू दिसतेय, तरी मी ‘डब्याची पुढची बाजू दिसली’ असं म्हणत नाही, ‘डबा दिसला’ असं म्हणतो. न दिसणारी मागची बाजू त्या दिसण्यात कुठेतरी सामील आहे. कशी?

किंवा तबल्याची तिहाई घ्या. तिसरा तुकडा वाजत असताना पहिले दोन संपून गेलेले असतात आणि सम अजून यायची असते. तरीही त्या क्षणी तुमची मान समेकडे निघालेली असते. गेलेलं आणि येणारं दोन्ही त्या ‘आत्ता’त नसतं, तर तिहाई ऐकूच आली नसती, सुटे सुटे बोल ऐकू आले असते. काळाच्या जाणिवेवर हुसर्लने १९०५ मध्ये व्याख्यानं दिली. त्याचं उदाहरण सुरावटीचं होतं. तिहाई माझी.

पुढे त्याने ‘कंसात ठेवणं’ ही पद्धत आणली. जग खरंच बाहेर आहे का, त्याला कारण काय, हे प्रश्न नाकारायचे नाहीत, फक्त बाजूला ठेवायचे. कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच कळेल. ओळ डिलीट करायची नाही, कमेंट करून ठेवायची. ती तिथेच असते, फक्त चालत नाही. आणि ती बंद असताना बाकीचं काय काय करत होतं ते दिसायला लागतं.

आता खरी अडचण. मी म्हणालो, ‘मला हे असं जाणवतं.’ ते बरोबर की चूक हे कुणी ठरवायचं? आमच्या धंद्यात यासाठी एक कुप्रसिद्ध वाक्य आहे, ‘माझ्या मशिनवर तर चालतंय.’ अनुभवाच्या वर्णनाचं नेमकं हेच होतं. प्रत्येकाचं मशिन वेगळं, आणि दुसऱ्याच्या मशिनवर लॉगिन करायची सोय नाही. एकच उपाय उरतो. मी माझं वर्णन दुसऱ्यापुढे ठेवायचं, त्याने ते स्वतःच्या अनुभवावर चालवून बघायचं आणि कुठे अडलं ते सांगायचं. म्हणून मला वाटतं, या विषयात चर्चा ही शेवटी जोडायची दहा मिनिटं नाहीत. तीच तपासणी आहे.

हे मी घरात पाहिलं. माझी मावसबहीण, आमची ताई, यातच पीएचडी करते. अशाच एका परिषदेसाठी तिने ‘वाट पाहणं’ या अनुभवावर निबंध लिहिला होता आणि तालमीसाठी मला समोर बसवलं होतं. तिने लिहिलं होतं की वाट पाहणं नेहमी कशाच्या तरी येण्याकडे तोंड करून असतं. मी म्हटलं, ‘ताई, आजीचं ऑपरेशन चालू होतं तेव्हा मी बाहेर चार तास बसलो होतो. मला काही यायला नको होतं. आत्ता डॉक्टर बाहेर येतील आणि काहीतरी सांगतील, तर ते न आलेलेच बरे, असं वाटत होतं. पण वाट तर पाहतच होतो.’ तिने वाद घातला नाही. वही बंद करून म्हणाली, ‘थांब. परत सांग, सावकाश.’ दुसऱ्या दिवशी तिच्या निबंधातली दोन पानं बदललेली होती. मी तत्त्वज्ञानाचं एक पुस्तक धड पूर्ण वाचलेलं नाही, पण त्या कामाला पुस्तक नको होतं, चार तास बसलेला माणूस हवा होता.

मावशी मात्र अजून विचारते की पदरचे पैसे घालून तिकडे जायचं आणि वीस मिनिटं वाचून यायचं, यातून मिळतं काय. नोकरीच्या हिशोबाने प्रश्न चुकीचा नाही. उत्तरासाठी मी तिला ग्योटिंगेनची गोष्ट सांगितली.

हुसर्ल १९०१ पासून जर्मनीत ग्योटिंगेनला शिकवत होता. ते जाडजूड पुस्तक सुरुवातीला फार कुणी मनावर घेतलं नाही. घेतलं ते म्युनिकमध्ये थिओडोर लिप्स या प्राध्यापकाच्या विद्यार्थ्यांनी. त्यांचं एक मंडळ होतं, आणि तिथे योहानेस डाउबर्ट नावाच्या मुलाने पुस्तकाचा फडशा पाडला होता. १९०२ च्या सुमारास हा डाउबर्ट ब्राउनश्वाइगहून सायकल मारत, शंभरेक किलोमीटर, थेट हुसर्लच्या दारात गेला. दोघं मध्यरात्र उलटून जाईपर्यंत बोलत बसले, अशी आठवण सांगतात. आपलं पुस्तक खरोखर वाचलेला माणूस भेटला, याचाच हुसर्लला आनंद.

१९०५ मध्ये म्युनिकची आणखी काही मुलं ग्योटिंगेनला आली. त्यांत आडोल्फ रायनाख होता. १९०७ मध्ये विद्यार्थ्यांनी आपली तत्त्वज्ञान मंडळी स्थापन केली. आठवड्यातून एकदा जमायचं, आणि तेही बहुतेक वेळा हुसर्लशिवाय! वर्गात तो बराच वेळ स्वतःच बोलत राहायचा, त्यामुळे वाद घालायची जागा ही. पुढे शिकवायला लागलेला रायनाख तर अनेकांना हुसर्लपेक्षा चांगला शिक्षक वाटायचा.

रायनाखचं काम मला सगळ्यात आवडतं, कारण ते मराठीत आपोआप समजतं. १९१३ मध्ये त्याने कायद्याच्या पायावर एक प्रबंध छापला. त्यातला गाभ्याचा प्रश्न: वचन म्हणजे काय? ‘उद्या यायचा विचार आहे’ आणि ‘उद्या येतो, शब्द देतो’ यांत फरक कुठे? पहिल्यात मी माझ्या मनातलं कळवलं. दुसऱ्यात आधी नसलेली गोष्ट तयार झाली. माझ्यावर बंधन आलं आणि तुम्हाला हक्क मिळाला. आणि हे घडण्यासाठी तुम्ही ते ऐकून घेणं भाग आहे. आपण म्हणतोच ना, शब्द ‘दिला’. घेणारा नसेल तर देणार कुणाला? तो शब्द पाळला की संपतो, किंवा ज्याला दिला त्याने मोकळं केलं की संपतो. देणाऱ्याला नुसतं ‘आता नको वाटतंय’ म्हणून सुटता येत नाही. बोलण्याने कृती घडते हा विचार इंग्रजीत जे. एल. ऑस्टिनच्या नावावर ओळखला जातो. त्याचं पुस्तक १९६२ चं.

रायनाखचा प्रबंध ज्या वार्षिकाच्या पहिल्या खंडात आला, त्याच खंडात हुसर्लचं ‘आयडियाज’ही होतं. ते वाचून ग्योटिंगेनची बरीच मुलं बिथरली. वस्तूंकडे बघा म्हणणारे आपले गुरुजी आता सगळं जाणिवेत ओढून नेतायत, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते तोंडावर सांगितलं. बरोबर कोण, यावर अजून वाद चालू आहे.

त्याच वर्षी एडिथ स्टाइन ब्रेस्लाउहून तिथे आली. तिने विषय घेतला दुसऱ्याच्या अनुभवाचा. समोरच्याचं दुखणं मला कळतं म्हणजे नेमकं काय होतं? ते दुखणं माझं होत नाही. पण त्याच्या चेहऱ्यावरून मी गणित करून उत्तर काढतो असंही नाही, मला ते त्याच्यात दिसतं. १९१५ मध्ये ती युद्धाच्या इस्पितळात परिचारिका म्हणून राबून आली आणि १९१६ मध्ये सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट झाली.

इथून पुढे मंडळी विखुरली. नोव्हेंबर १९१७ मध्ये रायनाख फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला, वय ३३. त्याची कागदपत्रं लावायला स्टाइन गेली, आणि त्याचं लेखन विद्यार्थ्यांनी १९२१ मध्ये एकत्र छापलं. स्टाइन हुसर्लची मदतनीस झाली, पण प्राध्यापकीसाठी लागणारी पुढची परीक्षा बाई म्हणून तिला देऊ दिली नाही. तिने तक्रार केली. १९२० मध्ये प्रशियाच्या मंत्रालयाने बाई असणं ही अडचण मानू नये असा आदेशही काढला. तिला जागा मात्र मिळाली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी तिला आउशविट्झमध्ये मारलं. डाउबर्ट युद्धानंतर शेतीला लागला. त्याने हयातीत काहीच छापलं नाही. मागे राहिल्या लघुलिपीतल्या टिपा, त्या अभ्यासकांनी फार नंतर उलगडल्या. ज्यांनी एकमेकांची वर्णनं तपासली, त्यांचं निम्मं काम हवेत बोललेलं होतं, आणि बोलणारे गेल्यावर ते परत करून बघायला कुणी उरलं नाही.

मावशीने हे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मग त्या सायकलवाल्याचं घरी कुणी काही म्हणालं नाही का?’ मला माहीत नाही. ताईची परिषद पुढच्या महिन्यात आहे. तुमच्या जवळपास अशी एखादी परिषद असेल तर मागच्या बाकावर जाऊन बसा. बहुतेक ठिकाणी बाहेरच्यांना येऊ देतात. मोठमोठी नावं डोक्यावरून गेली तरी चालेल. कुणी वर्णन वाचायला लागलं की ते आपल्यावर चालवून बघा, आणि अडलं तर हात वर करा.