वळताना पुढची दोन चाकं समांतर का नसतात?

शेजारचे काका पार्किंगमध्ये विचारत होते, "स्टिअरिंग पूर्ण वळवलं की दोन चाकं वेगवेगळी वळतात. अलाइनमेंट गेलंय का हो?"

नाही, ती तशीच हवीत!

वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या. समजा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर) २.५ मीटर, पुढच्या चाकांतलं अंतर १.५ मीटर आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ५ मीटर त्रिज्येवर वळतोय. मग आतलं चाक सुमारे ३० अंश वळायला हवं, बाहेरचं २३-२४. दोन्ही सारखीच वळली तर टायर घासत जातील.

ही करामत स्टिअरिंग आर्म (चाकं वळवणारे दांडे) तिरके बसवण्यात आहे.

म्युनिकचा गाडी-कारागीर लांकेनस्पर्गर यानं ती घोडागाड्यांसाठी शोधली. इंग्लंडमध्ये १८१८ साली पेटंट घेतलं त्याचा एजंट आकरमान यानं, आणि या रचनेला नाव आकरमानचंच राहिलं. मला हे आजही खटकतं.