विश्लेषण : द्यातलोव्ह खिंडीतील पाऊलखुणा काय सांगतात?

१ फेब्रुवारी १९५९ च्या रात्री रशियाच्या उत्तर उरल पर्वतात इगोर द्यातलोव्हसह नऊ गिर्यारोहक तंबू आतून कापून बाहेर पडले. त्यातील एकही वाचला नाही. शोधपथकाला तंबू सापडला २६ फेब्रुवारीला. तरीही उतारावर आठ-नऊ जणांच्या पाऊलखुणा शाबूत होत्या.

त्या टिकल्या कशा?

पायाखालचा बर्फ दाबला जाऊन घट्ट होतो. भोवतालचा भुसभुशीत बर्फ वारा उडवून नेतो आणि ठसा खड्ड्याऐवजी उंचवट्यासारखा उरतो. तेव्हाच्या छायाचित्रांत असेच ठसे दिसतात.

त्यातून काय कळते?

बहुतेक पावले बुटांविना, नुसत्या मोज्यांतली. त्यांच्यातील अंतर धावणाऱ्यांचे नाही, चालणाऱ्यांचे. म्हणजे तंबू घाईत सोडला, पण पुढे सगळे साधारण एकत्र जंगलाकडे उतरले. बाहेरच्या कोणाचे ठसे मिळाले नाहीत. हा मुद्दा मात्र जपून वापरायला हवा. खुणा सुमारे अर्ध्या किलोमीटरनंतर नाहीशा होतात आणि तंबूलगतचा बर्फ शोधपथकानेच तुडवला होता.

हिमस्खलन झाले असते तर ठसे पुसले नसते का?

हा आक्षेप टिकत नाही. रशियाच्या सरकारी वकिलांनी २०२० मध्ये हिमस्खलन हेच कारण दिले. योहान गोम आणि अलेक्झांडर पुझ्रिन यांनी २०२१ मध्ये तंबूवर छोटा हिमथर घसरल्याची शक्यता मांडली. ठसे त्यानंतरचे, मग ते पुसणार कसे? दीड किलोमीटर खालच्या झाडीपर्यंत सर्वांनी तसेच का जावे, याचे उत्तर मात्र पावलांत नाही.