वादळांची नावे पाठ झाली तेव्हा

चक्रीवादळ म्हणजे आंध्र-ओडिशाचे दुखणे, अशी कोकणची पक्की समजूत होती. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईला एक झोडपून गेले होते, पण ते जुन्याजाणत्यांच्या बोलण्यात उरले होते. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ आले. दहा वर्षांत आपण तेही विसरलो. मग २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’ आणि लगोलग ‘महा’. दोन्ही दर्यातच फिरली. तरी कापणीला आलेला भात शेतात भिजून त्याला मोड फुटले.

आणि ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ थेट श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर आले. हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. कोकणात ते कुणाला चेष्टेसारखे वाटले असेल तर नवल नाही.

श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. तिथली वाडी म्हणजे मजल्यांचे घर: वर माड-पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, केळी, खोडावर चढवलेली मिरी. पोफळ किती सडपातळ! वाऱ्याने ती मधोमध मोडली, आणि वरचे छप्पर गेल्यावर खालच्या जायफळावर ऊन थेट उतरले. सुपारी काढणारा गडी एकदा चढला की शेंड्यावर झोका घेऊन शेजारची पोफळ धरतो, तिथून पुढची. अशी पाच-सहा झाडे करूनच जमिनीवर येतो. आता मधली झाडेच नाहीत. प्रत्येक झाडाला नव्याने चढायचे, नव्याने उतरायचे. मजुरी तेवढी वाढली.

भरपाई जाहीर झाली ती हेक्टरी ५० हजार. इथे वाड्या गुंठ्यांत मोजतात. म्हणजे गुंठ्याला जेमतेम ५०० रुपये, आणि एका गुंठ्यात दहा-बारा पोफळी सहज. पंचनाम्याच्या कागदाला वाडी कधी कळलीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वर्षही भरले नाही तोच मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेले. जाता जाता रत्नागिरी-सिंधुदुर्गातला झाडावरचा उरलासुरला हापूस खाली पाडला.

एकेका वादळाचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, हे खरे. पण अरबी समुद्र तापतो आहे, आणि वादळाला बळ मिळते ते कोमट पाण्यातूनच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ असे दोन कालखंड ताडून पाहिले. दुसऱ्यात अरबी समुद्रातली चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. बंगालच्या उपसागरातली उलट थोडी घटली.

पोफळ लावल्यापासून धरायला पाच ते सात वर्षे लागतात. फयान ते निसर्ग यांत साडेदहा वर्षे गेली होती. निसर्ग ते तौक्ते यांत साडेअकरा महिने. श्रीवर्धनला गेलात तर सुपारी जरूर घ्या, फक्त भावात घासाघीस करू नका.