नामदफाच्या पलीकडची माणसं

ताडोब्यात जिप्सीतून एका फेरीत वाघ पाहून यायची सवय झालेल्या आपल्या पर्यटकाचा नामदफात हिरमोड होण्याचीच शक्यता जास्त. अरुणाचल प्रदेशात, म्यानमारच्या सीमेला लागून 1,985 चौरस किलोमीटर पसरलेलं हे जंगल 1983 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, व्याघ्र प्रकल्पही त्याच वर्षी. इथे बघायचं ते मान वर करून. होलोंगचे सरळसोट बुंधे, माथ्यावरून सूं-सूं करत जाणारे धनेश. उजाडताच हुलॉकची जोडी ओरडू लागते आणि समोरच्या डोंगरावरून दुसरी जोडी उत्तर देते. हुलॉक म्हणजे भारतात आढळणारे एकमेव, बिनशेपटीचे कपी.

कर्कवृत्ताच्या इतक्या वर, सत्तावीस अंशांच्या पलीकडे, सदाहरित वर्षावन टिकलं ते हिमालय आणि पतकाईच्या बेचक्यात ओलावा अडकून राहतो म्हणून. नोआ-दिहिंगच्या काठी उंची जेमतेम 200 मीटर आणि दफा बुमचं शिखर 4,571 मीटरवर. खाली वेत आणि रानकेळी, वर बर्फ. अशा जंगलात काय दडलंय याचा थांग लागणं कठीणच. देबानजवळ 1981 मध्ये मिळालेल्या एकाच नमुन्यावरून इथली एक उडती खार शास्त्राला माहीत झाली!

पण 2006-07 मध्ये कॅमेरे लावले, तेव्हा त्यांत एकही वाघ आला नाही. (पुढे काही वर्षांनी वाघाचं छायाचित्र मिळालं.) वाघ आणि त्याचं भक्ष्य रोडावण्यामागे शिकार हे मोठं कारण, आणि बोट गेलं ते इथल्या लिसू आदिवासींकडे. लिसू पट्टीचे शिकारी, हे खरंच. पण जंगलाच्या पूर्वेला त्यांची गावं आहेत आणि त्याहून पुढे विजयनगर, तिन्ही बाजूंनी म्यानमारने वेढलेलं. आसाम रायफल्सची तुकडी 1961 मध्ये तिथे पोहोचली. आसाम रायफल्सचे तेव्हाचे प्रमुख मेजर जनरल गुराया यांच्या मुलाच्या, विजयच्या, नावावरून गावाचं नाव पडलं. पुढे निवृत्त जवानांची कुटुंबंही सरकारने तिथे वसवली.

बाजार मियाओला, 157 किलोमीटरवर, आणि वाट उद्यानातून. सत्तरीत काढलेला रस्ता दरडी आणि झाडोऱ्याने गिळला. मग मीठ-साखर पाठीवर लादून, मुक्काम करत, नाले ओलांडत न्यावी लागायची. गावात पोहोचेपर्यंत मिठाचा भाव कैक पटींनी चढलेला. हवाई दलाची धावपट्टी 2019 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण रोजचा किराणा काही विमानाने येत नाही.

मियाओचा रस्ता पक्का झाला की लाकूडतोडे आणि शिकारीही त्यावरून आत शिरतील, ही धास्ती अनाठायी नाही. पण त्यावर नाके बसवता येतात, रात्रीची वाहतूक बंद ठेवता येते. बंदीपूरच्या जंगलात ती ठेवलीच आहे. काही अभ्यासकांनी तर लिसूंच्या गावांत शाळा आणि औषधोपचारापासूनच संवर्धनाची सुरुवात केली. मला तो क्रम बरोबर वाटतो. आजारी माणसाला पाठीवर घेऊन जंगल तुडवणाऱ्या गावाशी वाघाबद्दल बोलायचं, तर आधी त्या माणसाबद्दल बोलावं लागतं.