सायकलचा रस्ता कोणी खाल्ला?

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवत होते. आजही पहाटे कामावर निघणारा वॉचमन, मिस्त्री जुन्या सायकलवर दिसतो. बसचे भाडे वाचते, एवढेच कारण. ही सायकल सहसा मरत नाही. कॉटर झिजला तर ठोकून नवा बसवा, छर्रे बदला, ग्रीस भरा; पान्हा-हातोडीत काम होते. मरतो तो सायकलस्वार! २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्ता वाहनांना नव्हे, माणसांना द्या, असे बजावले. पुण्यात सायकल ट्रॅक झालेही. त्यावर मोटारी उभ्या! मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा पदपथ हा पादचाऱ्याचा कलम २१ खालील हक्क मानला. मग सायकलवाल्याने काय घोडे मारले? महापालिकेला लेखी विचारा. पोच घ्या.