खर्जाची जागा

तंबोऱ्याला तारा चार. पहिली बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या आणि शेवटची खर्जाची. पितळेची ही जाड तार मुकाट्याने आपलं काम करते. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण ती उतरली की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकते. घरच्या स्टिरिओला सबवूफर जोडायचा तो या तारेसाठी, वरातीतला डीजे बैठकीत आणण्यासाठी नव्हे.

गायकाची पट्टी काळी एक असेल, तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरना हे फारसं झेपत नाही. तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरच्या स्वरांवरून तळाचा स्वर कान स्वतःच कल्पून घेतो. वर्ध्याच्या आमच्या घरी जुन्या स्टिरिओला सबवूफर जोडला तेव्हा ही उसनवारी कळली. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा भरून आला. तुकडोजी महाराजांनी आमच्या विदर्भात गावोगाव नेलेली खंजिरी. तिच्या छनछनाटामागची चामड्यावरची थापही जाणवू लागली. बँकेच्या भाषेत सांगायचं तर नोंद होती, रक्कम आत्ता जमा झाली. अर्थात जे मुद्रितच नाही ते यंत्र कुठून आणणार? १९२५च्या आधी कर्ण्यातून ध्वनिमुद्रण होई; त्या तबकड्यांत खर्ज फारसा उमटलाच नाही.

जोडणी अवघड नाही. या सबवूफरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो, म्हणून त्याला विजेचा वेगळा प्लग लागतो. स्टिरिओच्या मागे ‘सब आउट’ असेल, तर तिथून एक आरसीए केबल आणली की झालं. जुन्या यंत्राला ही सोय बहुधा नसते. अशा वेळी ‘हाय लेव्हल’ जोडणी असलेलाच सबवूफर घ्यावा. स्टिरिओच्या ज्या टोकांना स्पीकरच्या तारा आहेत, तिथूनच आणखी तारा त्याच्याकडे न्यायच्या. स्पीकर होते तसेच राहतात. स्पीकरची तार आरसीएच्या भोकात मात्र कधीही घालू नये. जोडताना दोन्ही यंत्रं बंद ठेवावीत. लालला लाल, काळ्याला काळी.

आता जागा. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून एकच सबवूफर पुरतो. पण ४० हर्ट्झची लाट सुमारे ८.५ मीटर, म्हणजे २८ फूट लांब. आपल्या खोल्या त्याहून लहान. परिणामी खोलीत एके जागी आवाज गडगडतो, दुसऱ्या जागी गायब होतो. मातीच्या भिंतींची, कवेलूची जुनी घरं हे कंप बरेचसे बाहेर सोडून देत. स्लॅबच्या खोल्या कोंडून धरतात. त्यासाठी एक युक्ती आहे. सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवून गाणं लावावं आणि खोलीभर फिरावं. जिथे खर्ज स्वच्छ, सारखा ऐकू येईल तिथे त्याची स्थापना करावी. चालू असताना त्याचं अस्तित्व जाणवू नये आणि बंद केल्यावर चुकचुकल्यासारखं वाटावं, इतकाच आवाज ठेवावा.

घरघर आली तर दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावून पाहावेत. अर्थिंगची पिन काढल्यावर घरघर थांबते म्हणून ती कुणी काढतात. तसं करू नये, ती पिन जिवासाठी असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर अर्थिंगच्या खड्ड्यातली माती खडखडीत वाळते, तिला पाणी घालत राहावं.

राहिला शेजारी. ताना भिंतीशी बऱ्याच अंशी अडतात, खर्ज पलीकडे जातो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ती मोजायचं मापच खालच्या स्वरांना कमी धरतं. काटा मर्यादेत राहिला, तरी पलीकडे आजारी माणसाची खाट थरथरू शकते, दहावीच्या मुलीचं लक्ष उडू शकतं. म्हणून नवं यंत्र लावलं की एकदा शेजाऱ्यांकडे चहाला जावं आणि आपलं गाणं त्यांच्या भिंतीतून ऐकावं. दहा वाजले की गाणं हळू करावं आणि सबवूफरचं बटण बंद करावं. तळाचा स्वर कान कल्पून घेईलच. इतकी वर्षं घेतच होता.